तलावात उभे केलेले पऱ्हे

आमच्या गावात पऱ्हे उपटायच्या आधी माझ्या बाबांना विचारायची पद्धत होती. होती म्हणते, कारण ती मी मोडली. गावात याबद्दल मला कुणी एक शब्द बोलत नाही, कारण गावाला ते ठाऊकच नाही. गावाच्या मते चूक बाबांची.

पऱ्हे म्हणजे धानाची कोवळी रोपं. एका लहान बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, ती दाट पेरायची, वीतभर वाढली की उपटून पेंढ्या बांधायच्या आणि पाणी भरून चिखल केलेल्या मोठ्या बांध्यांमध्ये रोवायची. केशोरीच्या बाजूला आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. शिकवून येत नाही ते एवढंच, की उपटायची कधी. लवकर काढली तर ती उन्हात माना टाकतात. उशीर झाला तर बुडाशी गाठ धरते, मग रोवलेल्या काडीला फुटवे येत नाहीत आणि वर्षभराच्या भाताचे वांधे होतात. या दोन्हींच्या मधले आठ-दहा दिवस ओळखणारा माणूस म्हणजे माझे बाबा.

रोवणीच्या दिवसांत सकाळी सकाळी कुणी तरी अंगणात येऊन उभा राहायचा. "भाऊ, पाहून घेता का जी?" बाबा खांद्यावर दुपट्टा टाकून निघायचे. शेतात पोचल्यावर बोलणं नाही. बांधीच्या मधलं एक रोप उपटायचं, मूळ पाण्यात खळबळून धुवायचं, बुडखा अंगठ्याच्या नखाने दाबून पाहायचा आणि मग दातांत धरायचा. एवढं झालं की म्हणायचे, "काढा." नाही तर, "थांबा." सरपंच कोण झाला, आमदार कोण पडला, याचं बाबांना सोयरसुतक नव्हतं. पण त्या पंधरा-वीस दिवसांत त्यांची चाल बदलायची. एरवी रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस रस्त्याच्या मधून चालायचा. माय त्यांना चिडवायची, "निंगाले साहेब दौऱ्यावर." ते हसायचे, पण दौरा चुकवायचे नाहीत.

त्यांचा एक नियम होता आणि तो ते कुणी न विचारताही ऐकवायचे. बांधीत पाणी दिसल्याशिवाय पऱ्ह्यांना हात लावायचा नाही. आकाशात ढग दिसले म्हणून नाही, तलावाचं पाणी सुटलं असं कुणी सांगितलं म्हणून नाही. आपल्या बांधीत, आपल्या डोळ्यांनी.

आमची शेती दोन एकर, आणि तीही तलावाच्या पाटाच्या अगदी शेवटाला. गावचा तलाव जुना आहे. त्याच्या पाळीत दगडी तुडूम आहे, म्हणजे पाणी सोडायचं तोंड. तिथून पाट निघतो आणि एकेकाची शेतं ओली करत करत खाली येतो. आमच्यापर्यंत येईतो त्याचा जीव गेलेला असतो. पाण्याच्या पाळ्या पाणकर लावतो, हा गावाने नेमलेला माणूस. आणि तुडमाच्या खाली जे पाणी उरतं ते ढोरांचं. त्यात कुणी पाणी उपसायचं इंजिन टाकत नाही. कितीही धान वाळो, टाकत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण ते मोडलेलं मी आजवर पाहिलं नाही.

मी गोंदियात एका खासगी दवाखान्याच्या काउंटरवर बसते. लोकांची नावं लिहून घ्यायची, नंबर द्यायचे, भांडणं ऐकायची. घरात मी एकटीच लेक, त्यामुळे दर वर्षी रोवणीला पाच दिवस सुट्टी घेते. त्या वर्षी डॉक्टर साहेबांनी बजावलं होतं, "सोमवार को आना मतलब आना." मी मान हलवून बसमध्ये बसले. माझ्या डोक्यात तो सोमवार खिळ्यासारखा ठोकलेला होता.

गावी पोचले तर शेतांचा रंगच वेगळा. पऱ्हे टाकले तेव्हा पाऊस बरा झाला होता, नंतर जो गेला तो गेलाच. बांध्यांना भेगा पडलेल्या. आमच्या पऱ्ह्यांना चौतीस दिवस झाले होते. पऱ्ह्यांच्या बांधीला लागून आमची एक लहानशी बोडी आहे, पावसाचं पाणी साठवायची. तिच्या तळाला जे गढूळ पाणी उरलं होतं, ते माय गुंडाने, म्हणजे पितळी घागरीने, आणून रोज संध्याकाळी पऱ्ह्यांवर शिंपडत होती. तेवढ्यावर ते हिरवे होते. बाबांनी माझ्यासमोर एक रोप काढून दातांत धरलं आणि म्हणाले, "आठ दिवस दम धरतीन. त्याच्या पुढे नाही."

माझ्या मनात लगेच आकडेमोड सुरू झाली. आठ दिवस त्यांच्याकडे होते, माझ्याकडे चार.

शुक्रवारी दुपारी पाणकराचा फोन आला. वरच्या तिघांचं भिजणं होत आलं आहे, उद्या सकाळी पाणी तुमच्याकडे. योगायोगाने रोवणीच्या बायांच्या गटाचीही उद्याचीच पाळी आमच्याकडे होती. ही पाळी हुकली असती तर तो गट अकरा दिवसांनी आला असता. ट्रॅक्टरवाला सकाळी चिखल करून देतो म्हणाला. मला तर वाटलं, देवानेच माझं रिझर्वेशन करून दिलं. मी मायला म्हटलं, चल, आताच्या आता उपटायला घेऊ. सकाळी बाया आल्या की पेंढ्या तयार पाहिजेत.

बाबा खाटेवर बसून सुतळी वळत होते. ते म्हणाले, "पानी आलं की उपटू."

"उद्या सकाळी येऊनच राहिलं न, बाबा. पानकरानं सांगितलं."

"आलं की उपटू."

"अन बाया काय धुऱ्यावर बसून राहतीन?"

"बसतीन. नाही तं जातीन."

"गेल्या तं अकरा दिवस येत नाहीत. तुमीच म्हन्ता आठ दिवसाच्या पुढे गाठी धरतीन."

"पानी दिसू दे, पोरी."

हे ते अगदी शांतपणे म्हणाले, आणि त्या शांतपणानेच माझं टाळकं सरकलं. मला राग येतो तेव्हा मी ओरडत नाही, आवाज खाली आणते आणि समोरच्याला नेमकं कुठे लागेल ते शोधते. हा माझा फार वाईट गुण आहे आणि तो दवाखान्याच्या काउंटरवर चांगला मुरला आहे. त्या उन्हाळ्यात बाबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. ते चांगलं झालं होतं, त्यांना स्वच्छ दिसत होतं. तरी मी म्हणाले, "दिसते तरी का तुमाले आता? त्या डोळ्यानं काय पानी पाहाल तुमी?"

मायने हातातलं सूप खाली ठेवलं. बाबांनी वळत असलेली सुतळी पूर्ण केली, टोकाला गाठ मारली आणि उठले.

"उपट मंग," ते म्हणाले.

मी जिंकले. गटातल्या चार बाया हाताखाली बोलावल्या. जमीन कोरडी असेल तर उपटताना मुळं तुटतात, म्हणून बोडीच्या तळाचं उरलंसुरलं पाणी आम्ही पऱ्ह्यांच्या बांधीत ओतलं. बोडी रिकामी झाली. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत आम्ही वाकून होतो. मी सगळ्यांत भराभर उपटत होते. बाबांनी कोपऱ्यातला एक पट्टा सोडला होता. तो ते नेहमी सोडायचे. रोवणीनंतर कुठे रोप मेलं तर त्या जागी लावायला. बाया पलीकडच्या टोकाला असताना मी तिकडे सरकले तर म्हणाले, "तेवढं राहू दे." मी म्हणाले, "आता ते राहून काय करते? पानी बोडीतही नाही." आणि तो पट्टाही उपटला. संध्याकाळी बांधी उघडी पडली होती आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेंढ्यांची रांग लागली होती. मी फोटो काढून दवाखान्यातल्या मैत्रिणींना पाठवला. त्यांनी अंगठे पाठवले.

शनिवारी सकाळी बाया आल्या, ट्रॅक्टर आला, पाणी आलं नाही.

आठ वाजले, नऊ वाजले. पाटात मी हात घातला तर वाळू गार होती, एवढंच. पाणकर फोन उचलेना. मी फावडं घेतलं आणि पाटाच्या काठाने वर निघाले. कुणी तरी मध्येच पाट अडवला असणार, याची मला खात्री होती, आणि कुणाला कसं झाडायचं याची वाक्यंही मी चालता चालता जुळवत होते.

आमच्या वर तिसरं शेत एका काकांचं. तिथे पाट मातीने अडवलेला होता आणि पाणी त्यांच्या बांधीत वळवलेलं होतं. बांधीत घोट्याएवढं पाणी. काकू, त्यांची सून आणि आणखी पाच-सहा बाया ओळीने वाकून रोवत होत्या. धुऱ्यावर पाणकर डोक्याला हात लावून बसला होता.

मला पाहून तोच आधी बोलला. "बाई, पहाटे तुडमाच्या खाली पानी गेलं. बंद झालं. पाटात होतं तेवढंच हे."

"मंग मले काऊन सांगितलं, उद्या येते म्हनून?"

"मले काय माईत, रातून एवढं उतरन म्हनून."

मी काकांकडे वळले. काका बांधीतून बाहेर आले, चिखलाचे पाय घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. ते भांडखोर नाहीत. बाबांनी "काढा" म्हटल्याशिवाय त्यांनी आयुष्यात पऱ्हे काढले नव्हते. चारच दिवसांपूर्वी बाबा त्यांच्याकडे जाऊन आले होते.

मी म्हणाले, "काका, आमचे पऱ्हे उपटून पडले हायेत. सगळे."

त्यांनी मान खाली घातली. मग त्या मातीच्या बांधाकडे बोट दाखवून म्हणाले, "फोडाचं अशीन तं फोड, पोरी. मी अडवत नाही. पन बाया बांधीत हायेत."

रोवणी चालू असलेल्या बांधीचं पाणी कुणी तोडत नाही. बाया बांधीत असताना तर नाहीच. फावड्याचे चार घाव घातले असते तर अर्ध्या तासात ते पाणी आमच्या पहिल्या बांधीत पोचलं असतं. एक बांधी तरी झाली असती. काकूंनी कंबर सरळ केली आणि माझ्याकडे पाहिलं. हातात रोपांची मूठ, कपाळावर चिखल. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी फोडलं असतं, माझा स्वभाव तसा आहे. मी फावडं खांद्यावर टाकून परत फिरले. आजही मला कळत नाही, की मी तेव्हा चांगली वागले की नुसती घाबरले.

खाली आले तर ट्रॅक्टर निघून गेला होता. बाया बाभळीच्या सावलीत बसल्या होत्या. त्यांच्यातली म्होरकी मावशी फटकळ आहे. ती बाबांना म्हणाली, "भाऊ, पानी नोहोतं तं उपटले कायले जी? लोकाइले तं तुमीच सांगता."

मी तोंड उघडलं. त्याआधीच बाबा म्हणाले, "मलेच घाई झाली."

"डोऱ्याचं आपरेशन झालं न तुमचं यंदा," मावशी मायेने म्हणाली, "चुकलं अशीन."

"हाव. चुकलं," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता, "तू घरी जा. बायाइसाठी चहा मांड."

मी गेले. मी तिथे उभी राहून खरं सांगायला हवं होतं. त्याला काही फार धैर्य लागत नव्हतं, एक वाक्य पुरलं असतं. पण मला रडू फुटत होतं आणि बायांसमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी चहा करायला गेले. माझ्या बापाचं नाव गेलं तेव्हा मी चुलीपुढे साखर शोधत होते.

बाया चहा पिऊन दुसऱ्या शेतावर गेल्या. तिथे बोअर होती.

पेंढ्यांचं काय करायचं? धुऱ्यावर ठेवल्या असत्या तर संध्याकाळपर्यंत आतून तापल्या असत्या. बोडी आम्हीच रिकामी केलेली. पाणी होतं फक्त तलावात, तुडमाच्या खालचं, ढोरांचं. त्यात इंजिन टाकता येत नव्हतं, पण काठाला पेंढ्या उभ्या करायला कुणाची हरकत नव्हती. बाबांनी शेजारची बैलगाडी मागून आणली. आम्ही तिघांनी पेंढ्या भरल्या, तलावावर नेल्या आणि काठच्या उथळ पाण्यात एकेक करून उभ्या केल्या. मुळं पाण्यात, शेंडे वर. दोन खेपा झाल्या.

आता तलाव म्हणजे गावाचा चौक. बाया तिथे धुणं धुतात, म्हशी तिथे बसतात, सकाळी सगळ्या गावाची पावलं तिकडेच वळतात. ज्याला पऱ्ह्यांचं कळतं म्हणून गाव मानत होतं, त्याचे पऱ्हे गावाने तलावात उभे पाहिले. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. लोक यायचे, थांबायचे, "अरेरे" म्हणायचे, आणि बाबांचा डोळा दुखतो का म्हणून चौकशी करायचे. बाबा काठावर काठी घेऊन बसलेले असायचे, म्हशींनी पेंढ्यांना तोंड लावू नये म्हणून. प्रत्येकाला तेच उत्तर. "मलेच घाई झाली."

रविवारी दुपारी मी त्यांच्यासाठी डबा घेऊन गेले. ऊन असं होतं की पाण्याकडे बघवत नव्हतं. कडेच्या पेंढ्यांची पानं टोकाकडून पिवळी झाली होती. मी म्हणाले, "बाबा, मी सांगतो सगळ्याइले. मीच लावलं तुमाले उपटाले."

"काही सांगू नोको."

"काऊन?"

ते भाकरी मोडत होते. म्हणाले, "सांगून पानी येते का? म्हातारा चुकला तं लोकं चार दिवस बोलतात. पोरीनं बापाचा डोरा काढला म्हन्तीन तं जलमभर बोलतीन."

डोळ्याचं बोलणं ते विसरले नव्हते. मी माफीही मागितली नाही. आमच्याकडे बापाची माफी कशी मागतात तेच मला माहीत नाही, कुणाला मागताना पाहिलेलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसून म्हशी हाकलल्या.

सोमवारी सकाळच्या बसने मी गोंदियाला निघून आले. हो, निघून आले. मायनेच पिशवी भरून दिली आणि म्हणाली, नोकरी जाईल. मी काउंटरवर बसून नंबर देत होते आणि दर तासाला घरी फोन करत होते. मंगळवारी माय म्हणाली, मधल्या पेंढ्या चांगल्या हायेत. बुधवारी म्हणाली, बाबा पेंढ्या सोडून सोडून कुजकी रोपं काढून राहिले. गुरुवारी तिने फोन उचलला नाही.

शुक्रवारी दुपारी गोंदियात पाऊस आला. दवाखान्याच्या पत्र्यावर असा कोसळला की पेशंटची नावं ऐकू येईनात. रांगेतला एक खेड्यावरचा माणूस उठून दारात गेला आणि हात बाहेर काढून मोठ्याने म्हणाला, "आला बावा! आला!" सगळे हसले. मी टेबलाखाली डोकं घालून पेन शोधायचं नाटक केलं. मला त्या पावसाचा इतका राग आला होता, की मी त्याला शिवी दिली. पावसाला शिवी देणारी शेतकऱ्याची लेक मीच असेन.

संध्याकाळी मायचा फोन लागला. मागे पाण्याचा आवाज. "भल्ला पडून राहिला व. बांध्या भरल्या." मग पुन्हा म्हणाली, "काठोकाठ भरल्या."

"अन पऱ्हे?"

"मुळं सडून कारी पडली," माय म्हणाली.

रविवारी मी पुन्हा गावी गेले. डॉक्टर साहेबांनी तोंड वाकडं केलं, मी लक्ष दिलं नाही. आमच्या सातही बांध्या पाण्याने भरलेल्या होत्या. शेजारीपाजारी चिखल, ट्रॅक्टर, बाया, आरडाओरडा, आणि आमच्या बांध्यांत ढग दिसत होते. हवं होतं तेव्हा पाणी नव्हतं, आणि आता पाणी असून रोवायला काही नव्हतं. नवीन पेरायला उशीर झालेला. बाबांनी सगळ्या पेंढ्यांमधून निवडून, पांढरं मूळ असलेलं एकेक रोप वेगळं काढून जेवढे पऱ्हे वाचवले, ते एका बांधीला पुरले. ती एक बांधी त्यांनी आणि मायने दोघांनीच रोवली होती.

उरलेल्या सहांसाठी मी पऱ्हे मागायला निघाले. आमच्याकडे रोवून उरलेले पऱ्हे विकत नाहीत, मागणाऱ्याला देतात. पण ते मागायला दारोदार जावं लागतं. मी एकाची मोटरसायकल घेऊन पाच गावं फिरले. प्रत्येक ठिकाणी विचारत, कुणाची पोरगी? सांगितलं की तोंड बदलायचं. "त्याइचे? त्याइचे पऱ्हे कसे मेले?" आणि मी, जिला कुणाला कसं झाडायचं ते चांगलं जमतं, मी तोंडातल्या तोंडात म्हणायचे, "घाई झाली." त्यांना वाटायचं बाबांना झाली. मी दुरुस्त करत नव्हते. बाबांनी सांगितलं होतं म्हणून, असं मी स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे त्या घरांतून मला पेंढ्या हव्या होत्या.

कुठे चार मिळाल्या, कुठे दहा. कुणाचा हलका, लवकर पिकणारा धान, कुणाचा भारी, उशिरा पिकणारा. तीन बांध्या कशाबशा झाल्या. दोन बांध्यांत पुढे लाखोळीचं कडधान्य टाकलं. एक तशीच राहिली, तिच्यात गवत माजलं. दिवाळीपर्यंत आमच्या शेतात कुठे धान कापायला आला होता, कुठे अजून हिरवा उभा होता. रस्त्यावरून जाणाऱ्याला लांबून दिसायचं. आमच्या ढोल्या, म्हणजे धान साठवायच्या कणग्या, त्या वर्षी अर्ध्याही भरल्या नाहीत. माय उन्हाळ्यात एक वेळ भात आणि एक वेळ आंबील करत होती आणि मला फोनवर सांगत होती, गरमीत आंबीलच बरी लागते.

पण भात काय, पुढच्या वर्षी पिकला. पुढच्या वर्षी पाऊसही वेळेवर होता, तलावही भरला होता. मी सुट्टी घेऊन गेले. पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आंघोळ करून, दुपट्टा खांद्यावर टाकून अंगणात खाटेवर बसले होते. नऊ वाजले. दहा वाजले. मी मायला विचारलं, "कोनी आलं नाही का यंदा?" माय भांडी घासत होती. ती म्हणाली, "रोज बसतात. मी काही म्हनत नाही."

पाचव्या दिवशी मी परत निघाले. बाबा मला बसपर्यंत सोडायला आले. रस्ता त्याच काकांच्या शेतावरून जातो. त्यांची पऱ्ह्यांची बांधी रस्त्याला लागून आहे. बाबा सवयीने खाली उतरले, वाकले, बांधीच्या मधलं एक रोप उपटलं आणि पाण्यात खळबळलं. नख लावलं. दातांत धरणार, एवढ्यात पलीकडच्या धुऱ्यावरून काका आले. त्यांच्या आवाजात दुखवायचं काहीच नव्हतं, उलट काळजी होती.

"राहू द्या, भाऊ. डोऱ्याले तरास कायले देता? मी पाहून घेतो."

माझं वाक्य एक वर्षाने माझ्यासमोर येऊन उभं राहिलं, दुसऱ्याच्या तोंडून. मला राहवलं नाही. मी रस्त्यावरूनच ओरडले, "काका, गेल्या साली बाबाइनं नाही उपटले. ते नाही म्हनत होते. मी उपटाले लावले. मी. माझी सुट्टी संपत होती म्हनून."

काका हसले, अगदी प्रेमाने. "बापाची बाजू घेशीलच, पोरी. लेक हायेस." आणि बाबांना म्हणाले, "भाग लागते अशी पोरगी भेटाले."

"हाव," बाबा म्हणाले.

त्यांनी ते रोप पुन्हा होतं त्या जागी चिखलात लावलं, अंगठ्याने बुडाशी दाबलं, आणि पाटात हात धुतले. वर आले आणि माझी पिशवी उचलली. "चाल, बस जाईल तुझी."

आम्ही थोडं पुढे गेल्यावर मी विचारलं, "झाले होते का त्याइचे पऱ्हे?"

"आखीन चार दिवस पायजेत. कोवळे हायेत."

"मंग सांगाचं न, बाबा!"

बाबा रस्त्याच्या कडेने चालत होते. "इचारलं कोनं?" ते म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं. काका धोतर खोचून बांधीत उतरले होते आणि वाकून पहिली मूठ उपटत होते.